कोपऱ्यातली पिशवी

फिल्मवर डाग आजही होताच.

सगळीच फिल्म फिकी निघाली असती तर राजमती मगदूमला बरं वाटलं असतं. मग बिघाड मोठा आहे असं कळलं असतं आणि मोठा बिघाड कधी ना कधी सापडतो. पण ही फिल्म नेहमीसारखी मधोमध गडद निळी होती, कडांना जराशी उतरती, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी फिकट. काल हा फिकट डाग वरच्या डाव्या कोपऱ्यात होता. परवा खालच्या डाव्या. सत्तावीस दिवसांच्या सत्तावीस फिल्म तिच्या टेबलावर पडल्या होत्या, आणि हा डाग म्हणजे घरात शिरलेलं मांजर, आज कुठल्या कोपऱ्यात बसेल याचा नेम नाही.

"अरे, एका जागी तरी बस की," ती फिल्मला म्हणाली. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपण प्लास्टिकच्या तुकड्याशी भांडतोय हे लक्षात आल्यावर तिने तो खणात कोंबला आणि खण पायाने ढकलून बंद केला.

इचलकरंजीच्या बाहेर बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या आवारात हे रक्तकिरण केंद्र होतं आणि राजमती तिथली यंत्रप्रमुख. केंद्राचं काम सांगायला सोपं. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी पार पुसून टाकलेली असते, म्हणजे अस्थिमज्जा बदललेले रुग्ण वगैरे, त्यांना साधं रक्त देता येत नाही. दात्याच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जिवंत असल्या, तर त्या या नव्या घरात हातपाय पसरतात आणि घरमालकावरच उलटतात. एकदा उलटल्या की डॉक्टरांच्या हातात फारसं काही राहत नाही. म्हणून रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर आधी किरण मारून त्या पेशी निकामी करायच्या. पूर्वी हे काम सीझियम करायचं. पण ते किरणोत्सारी, सांभाळायला जोखमीचं. तीन वर्षांपूर्वी ते देशभरातून काढून घेतलं गेलं. त्याच्या जागी अशी यंत्रं आली. दक्षिण महाराष्ट्रात आणि पलीकडच्या दोन-तीन जिल्ह्यांत मिळून यंत्र एवढं एकच. रोज चारशे पिशव्या.

किरणांची मात्रा मोजतात ग्रेमध्ये; पिशव्यांच्या ट्रेखाली पसरलेली फिल्म जितकी गडद निळी, तितकी मात्रा जास्त. पिशवीच्या मध्याला पंचवीस हवेत, कुठेही पन्नासच्या वर नको आणि कुठल्याही टोकाला पंधराच्या खाली नको. त्या फिकट डागात भरत होते अकरा.

"सरासरी किती?" संचालक डॉ. नाडगौडांनी विचारलं. हा प्रश्न ते सत्ताविसाव्यांदा विचारत होते.

"एकतीस."

"मग?"

"सर, सरासरी पिशवी कुणाच्या अंगात जात नाही. ज्याची त्याची पिशवी जाते."

नाडगौडा वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण होती. वाईट असते तर राजमती सरळ भांडली असती. त्यांनी हे केंद्र दहा उंबरठे झिजवून उभं केलं होतं आणि आजही दुपारचा डबा ते मागणीच्या याद्या वाचता वाचता खायचे. "नियम काय सांगतो? ट्रेच्या मधल्या रेषेवर तीन ठिकाणी मोजा. तिन्ही ठिकाणी आपण पास आहोत. ही अख्ख्या ट्रेखाली फिल्म पसरायची तुमची हौस आहे."

"चारही कोपरे रिकामे ठेवू. बाराच्या जागी आठ पिशव्या लावू."

"म्हणजे रोज सव्वाशेच्या वर माणसांना नाही म्हणायचं. तुम्ही सांगाल त्यांना फोन करून?"

आणखी वाईट म्हणजे, फिल्मचा रंग पूर्ण चढायला चोवीस तास लागायचे. आजचा कोपरा कुठला हे उद्या कळणार, आणि तोपर्यंत आजच्या पिशव्या कुणाच्या तरी शिरेतून आत गेलेल्या असणार. खरं काय ते कळायचं, पण रोज एक दिवस उशिरा.

यंत्राचं नाव तिने मनातल्या मनात 'धाकटी जाऊ' ठेवलं होतं. दिसायला देखणी, कामाला जलद, आणि काय बिनसलंय ते कधी तोंडाने सांगणार नाही.

आत जे घडायचं ते मात्र खरोखर सुंदर होतं. तीस मोठे कपॅसिटर शेजारी शेजारी ठेवून सावकाश भरायचे आणि मग एका झटक्यात एकापुढे एक जोडायचे. सगळ्यांचा दाब एकत्र होऊन वीस लाख व्होल्ट उभे राहतात, तेही फक्त साठ नॅनोसेकंद. पापणी लवते तेवढ्या वेळात असे लाखो झटके मावतील. हा दाब बसतो दारासारख्या एका धातूच्या पाटावर, म्हणजे कॅथोडवर, आणि त्या पाटावर चिकटवलेली असते मखमल. होय, मखमलच. लग्नातल्या खुर्चीवर असते तीच. तिच्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला ठिणगी पेटते, लाखो टोकं एकदम पेटतात, आणि त्यांतून इलेक्ट्रॉनांची चादर समोर झेपावते. समोर टँटलम धातूचा पातळ पत्रा. त्यावर इलेक्ट्रॉन आपटले की पलीकडून क्ष-किरण बाहेर पडतात आणि खालच्या ट्रेमधल्या बारा पिशव्यांवर बरसतात. असे शंभर झटके मारले की एक ट्रे झाला.

गोम एवढीच की इलेक्ट्रॉन एका दिशेने धावायला लागले की तो विद्युतप्रवाह होतो, आणि प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते क्षेत्र इलेक्ट्रॉनांना मधे दाबतं. सैल सोडलं तर सगळे मधे गोळा होतील, मधल्या पिशव्या भाजतील आणि कडेच्या कोरड्या राहतील. म्हणून बाहेरून तारांच्या गुंडाळ्यांनी दुसरं क्षेत्र लावायचं आणि चादर ताणून धरायची. राजमतीची डॉक्टरेट याच गुंडाळ्यांवर होती. साहजिकच गेले सत्तावीस दिवस ती गुंडाळ्यांशीच झगडत होती. त्या तिने फिरवल्या, सरकवल्या, एक बदलून पाहिली, दोनदा सगळं खोलून परत जोडलं. डाग हटला नाही. तो रोज नव्या कोपऱ्यात जाऊन बसत होता, आणि गुंडाळ्या तर जागच्या हलत नव्हत्या.

राजमतीचा थोरला भाऊ भरतेश चौगुले सुताचा व्यापारी. हिशेबी, बोलायला मोकळा, घरातल्या सगळ्यांचा अण्णा. त्याची मुलगी अक्षता एकोणीस वर्षांची. वर्षभरापूर्वी तिच्या अंगात रक्त बनायचंच थांबलं. अकरा दिवसांपूर्वी मिरजेच्या एका रुग्णालयात तिला भरतेशचीच अस्थिमज्जा दिली होती. ती अंगी लागेपर्यंत रोज प्लेटलेटची एक पिशवी लागत होती, आणि ती पिशवी राजमतीच्या यंत्राखालून जात होती.

राजमतीने एक चूक केली होती. आठवड्यापूर्वी भावाच्या घरी जेवताना, डोकं पिकलेलं असताना, तिने त्याला डागाचं सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता भरतेश केंद्राच्या कँटीनमध्ये हजर.

"राजू, मला एक सांग. मधे काही प्रॉब्लेम न्हाई न्हवं?"

"मधे नाही. मधे कधीच नसतो."

"मग अक्षीची पिशवी मधे ठेव की गं."

ती बघतच राहिली. इतकं सोपं होतं ते, आणि तिच्या डोक्यात आलंच नव्हतं, किंवा आलं असेल तर तिने ते आत येऊ दिलं नव्हतं.

"अण्णा, एक मधे ठेवली की दुसरी कोपऱ्यात जाणार."

"तशी बी जाणारच हाय की. तू न्हाई ठेवलीस तर तो ट्रे लावणारा पोऱ्या ठेवणार. डोळं झाकून ठेवणार. तू फकस्त डोळं उघडं ठेवून ठेव." मग त्याचा आवाज बसला. "माझ्या हाडातलं काढून दिलंय गं तिला. आता आणि काय काढून देऊ, सांग."

त्या दिवसापासून मिरजेचा ट्रे राजमती स्वतः लावू लागली. बारा पिशव्यांच्या ट्रेमध्ये खऱ्या अर्थाने मधल्या जागा दोनच. त्यातल्या एकीवर 'अ. भ. चौगुले, खोली ३'. आणि सवयीने, कारण आयुष्यभर तिने हेच केलं होतं, कुठली पिशवी कुठे ठेवली याचा नकाशा ती रोज डायरीत काढायची. सहा दिवसांचे सहा नकाशे झाले. त्यांच्याकडे परत वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

रोज सकाळी साडेआठला अक्षताचा व्हिडिओ कॉल यायचा. टक्कल, तोंडावर मास्क, आणि मास्कवरून हसणारे डोळे.

"आत्या, आज माझं रक्त तू केलंस ना? मी सगळ्या नर्सेसना सांगितलंय, माझी आत्या करते म्हणून."

"मी करत नाही बाई. मशीन करतं."

"मशीन कोणाचं? तुझं. आणि ऐक ना, चार नंबरच्या खोलीतल्या कोरेकाकूंना पण सांगितलं मी. आमच्या मधे काच आहे ना, आम्ही पाट्या दाखवून बोलतो. जतच्या शाळेत होत्या त्या. गणित. मला काचेतून रोज एक कोडं घालतात आणि दिवसभर उत्तर सांगत नाहीत. डोकं उठतं अगदी! आणि सारखं काहीतरी विणत असतात. नर्स क्रोशाची सुई निर्जंतुक करून देते त्यांना."

राजमती हसली. फोन ठेवला आणि ट्रे लावायला खाली गेली. पहिली पिशवी उचलली ती अक्षताची, मधे ठेवली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी पिशवी वरच्या डाव्या कोपऱ्याकडे नेताना चिठ्ठीवर तिची नजर गेली. 'वि. शं. कोरे, खोली ४'.

तिचा हात तसाच अडला.

इतके दिवस कोपऱ्यात नुसती पिशवी जात होती. आता तिथे गणिताच्या बाई जाऊन बसल्या. राजमतीने पिशवी बाजूला ठेवली, हातमोजे काढले आणि उभ्या उभ्या डायरी उघडली. दुसऱ्या दिवसाचा नकाशा: वरचा डावा कोपरा, कोरे. त्या दिवसाची फिल्म: वरचा डावा, फिकट. पाचव्या दिवसाचा नकाशा: खालचा उजवा, कोरे. फिल्म: खालचा उजवा. सहा दिवसांत दोनदा, आणि दोन्ही वेळा तिच्याच हाताने.

तिला राग आला; अण्णाचा, नाडगौडांचा, त्या मांजरासारख्या डागाचा, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. रोज नकाशा काढणारी बाई आपण, आणि तो वाचायचा मात्र नाही!

यंत्रप्रमुख म्हणून तिच्या हातात एकच हत्यार होतं, लाल पाटी. ती दारावर लावली की अठ्ठेचाळीस तास यंत्र कसं चालवायचं हे फक्त ती ठरवणार. त्यानंतर कारण लेखी द्यायचं. कारण पटलं नाही तर खुर्ची सोडायची. तीन वर्षांत ती पाटी कुणी वापरली नव्हती. खिळ्यावर धूळ खात होती.

तिने ती पुसली आणि दारावर अडकवली. "चारही कोपरे रिकामे," ती ऑपरेटरला म्हणाली. "आठच पिशव्या लावायच्या. आणि ज्यांची मागणी आधी नोंदली त्यांच्या आधी. कुणाचीही ओळख नाही, माझीसुद्धा."

दिवसाच्या दोनशे साठ पिशव्या होणार होत्या. दुपारी यादी आली. कोरे, खोली ४, यांचा क्रमांक दोनशे बावन्न. चौगुले, खोली ३: दोनशे ब्याऐंशी.

भरतेश फोनवर ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोसलं असतं.

"पिशवी आली न्हाई म्हणत्यात. तुझ्याकडनं."

"हो, अण्णा."

"तिच्या प्लेटलेट नऊ हजारावर हायत. नऊ. डॉक्टर म्हणत्यात उद्या सकाळपर्यंत कड काढू, पण नाकातनं रक्त यायलंय. तुझी वहिनी बोळे बदलत बसलीया. तू एक पिशवी मधे ठेवलीस तर कुणाचं काय जाणार हाय, राजू? मधलं तर चांगलंच हाय म्हणतीस न्हवं?"

"कोपरे सोडून आठच जागा आहेत अण्णा, आणि रांग आहे."

"रांग," तो म्हणाला. "सख्ख्या आत्याच्या दारात रांग." आणि फोन ठेवला.

ती जिना उतरून तळघरातल्या कॅथोडच्या खोलीत गेली. तिथे जायचं तिला खरं तर काहीच कारण नव्हतं. वर तिच्या टेबलावर फोन होता आणि तो परत वाजला असता तर काय बोलायचं हे तिला माहीत नव्हतं. निदान जुनी मखमल सोलून तिचा गोंद तरी तपासू, असं तिने स्वतःला सांगितलं.

तिथे शकुंतला माळी बसायच्या, सगळ्यांच्या शकूमावशी. पूर्वी बाजारपेठेत ब्लाऊज शिवायच्या. पाटावरची मखमल रोज झिजते, म्हणून रोज पहाटे जुनी सोलून नवी चिकटवायची, हे त्यांचं काम. एवढ्या मोठ्या पाटावर अखंड कापडाला निर्वातात सुरकुत्या पडतात, म्हणून चार तुकडे, चार कोपऱ्यांचे चार.

"कालची मखमल आहे का, मावशी?"

"कालची काय, म्हैन्याची हाय. टाकवत न्हाई. उशीत भराय बरी पडती." त्यांनी कोपऱ्यातलं पोतं पुढे ओढलं.

राजमतीने एका दिवसाची मखमल बाहेर काढली. चारही तुकडे मागून कागदी पट्टीने अजून जोडलेले होते. ते उलटे केले तर मागच्या बाजूला शिंप्याच्या खडूने तारीख लिहिलेली, आणि प्रत्येक तुकड्यावर एकेक बाण. तीन बाण वर. एक खाली.

"हे काय?"

"लव."

"म्हणजे?"

शकूमावशींनी तिच्याकडे असं बघितलं की राजमतीला आपण पहिलीत असल्यासारखं वाटलं. "मखमलीला लव असती न्हवं का. एका बाजूला झुकल्याली. हात फिरवून बघा, अशी मऊ लागती, उलटा फिरवला की खरखरीत. ब्लाऊजची एक बाही उलट्या लवंची लागली तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारतंय. एक बाही काळी दिसती, एक पांढरी."

"मग हा एक बाण खाली का?"

"आता कापड संगणक कापतंय की. सा म्हैनं झालं. कापड वाया जाऊ ने म्हणून तुकडं उलटंसुलटं बसवतंय, चारातला एक तुकडा उलटाच निघतोय, रोज निराळ्या कोपऱ्याचा. आणि एक कोपरा गोल हाय त्येचा, म्हणून फिरवून बी लावता येत न्हाई. मी सांगून आलो की स्टोअरात. ते म्हणालं, मावशी, मशीन काय लग्नाला जाणार हाय व्हय? म्हणून मग मी आपला बाण मारून ठेवतो. आपल्या हातनं उलटं गेलं तर निदान लिहून तरी असावं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी कुठं खाली येताय?"

हा घाव वर्मी बसला. तीन वर्षांत ती या खोलीत किती वेळा आली होती? दोनदा, आणि एकदा तर हळदीकुंकवाला.

तिने वरून सत्तावीस फिल्म आणल्या. जमिनीवर तारखेप्रमाणे एकेका फिल्मशेजारी एकेक मखमल मांडली. पहिल्या दिवशी उलटा बाण डावीकडे वर. डाग उजवीकडे वर. चूक. दुसऱ्या दिवशी बाण उजवीकडे, डाग डावीकडे. तेही चूक. तिसऱ्याही दिवशी नाहीच. तिने फिल्म जमिनीवर आपटली. एवढं हाताशी आलेलं परत निसटलं होतं.

"उलट्या बाजूनं बघताय न्हवं?" शकूमावशी शांतपणे म्हणाल्या. "अस्तराकडनं बघितलं की डावा हात उजवा दिसतोय."

राजमतीने तुकडे सुलटे केले. सत्तावीसच्या सत्तावीस. जिथे लव उलटी, तिथे डाग. एकही सुटला नाही.

पुढचं तिला कुणी समजावायची गरज नव्हती. गुंडाळ्यांच्या क्षेत्राला थोडा कल असतो. लव त्या कलाबरोबर असली की टोकं लगेच पेटतात. कलाविरुद्ध असली की चार-पाच नॅनोसेकंद उशीर. तेवढ्यात बाकीच्या तीन तुकड्यांचा प्रवाह जोर धरतो आणि मागाहून निघालेले चौथ्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. कोपरा उपाशी राहतो. कुणी दुष्टपणा केला नव्हता. कापड वाचवलं होतं, तेही कापडाच्या गावात, जिथे नाक्यावरच्या कुठल्याही शिंप्याने पाच मिनिटांत ही चूक दाखवली असती.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सहा महिने, रोज चौतीस ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये एक पिशवी. सहा हजारांच्या वर. हा आकडा तिने मनात केला आणि तोंडात आलेली शिवी मावशींसमोर कशीबशी गिळली.

"मावशी, चारही बाण वर असलेली मखमल किती वेळात होईल?"

"हातानं कापू दिलासा तर आर्ध्या तासात."

त्यांनी हाताने कापली. संध्याकाळी पाचला नवा कॅथोड बसला आणि राजमतीने रिकाम्या ट्रेखाली फिल्म टाकून शंभर झटके मारले. मग चोवीस तास वाट बघायची. दुसऱ्या दिवशीही आठच पिशव्या लागल्या. अक्षताचा क्रमांक एकशे चौदा होता, तिला पिशवी मिळाली. नाकातलं रक्त थांबल्याचा निरोप वहिनीने पाठवला. भरतेशने पाठवला नाही.

संध्याकाळी पाचला फिल्म वाचली. मधे एकतीस, कडेला एकोणतीस आणि चारही कोपऱ्यांत अठ्ठावीस. आभाळासारखी एकसारखी निळी.

नाडगौडांनी फिल्म दोन्ही हातांत धरली. मग खुर्चीत बसून म्हणाले, "सत्तावीस दिवस तुम्ही सांगत होता." त्यांनी चष्मा पुसला. "सगळ्या रुग्णालयांना कळवू. सहा महिन्यांतल्या रुग्णांवर लक्ष ठेवा म्हणून. अहवाल तुम्ही लिहा."

"लिहिते. सहा पिशव्यांची नावंही देते. कुणाला गेल्या ते मला माहीत आहे. त्यांच्या डॉक्टरांना आजच कळायला हवं. पुरळ, ताप, जुलाब काही दिसायच्या आधी."

"सहा हजारांपैकी सहाच कशा माहीत?"

"सहा दिवस मिरजेचा ट्रे मी लावत होते."

"तुम्ही? का?"

तिने नकाशांची डायरी त्यांच्यापुढे उघडून ठेवली; सहाही पानांवर मधल्या जागेत 'चौगुले' होतं. नाडगौडांना भरतेश चौगुले कोण हे माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उतरत गेली. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, नावं न देताही भागेल. सर्वांवर लक्ष ठेवा म्हटलं की त्यात ते रुग्णही आले. तुमची नोकरी आहे. घर आहे."

"सर्वांवर म्हटलं की कुणावरच नाही, सर. सरासरीचं पाहिलंत ना तुम्ही."

खोलीत येऊन तिने कागद पुढे ओढला. तोच फोन वाजला. अण्णा. कालच्या नंतर पहिल्यांदाच.

"झालं म्हणं दुरुस्त."

"झालं."

"बरं झालं." मग आवाज खाली आणून, जणू कुणी ऐकेल अशा बेताने, "उद्याची अक्षीची पिशवी... मधेच ठेवतीस न्हवं?"

राजमतीने डोळे मिटले. ती त्याच्यावर रागावणार होती. पण त्याच्या आवाजात व्यापारी नव्हता, नुसता घाबरलेला बाप होता.

"मधलं असं आता काही उरलं नाही, अण्णा," ती म्हणाली. "सगळीकडं सारखंच आहे."

त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. "ठेव बाई कुठं बी," एवढंच तो म्हणाला.

तिने लिहायला सुरुवात केली. तारीख, ट्रे, कोपरा, नाव. दुसऱ्या दिवसापुढे: वि. शं. कोरे, खोली ४. पाचव्या दिवसापुढे परत तेच. त्यानंतरचा रकाना होता, 'पिशवीची जागा कुणी ठरवली'. हा रकाना तिने स्वतःच आखला होता. त्यात काय लिहायचं ते तिला ठाऊक होतं. हात तेवढा चालत नव्हता.

फोन परत वाजला. पडद्यावर टक्कल आणि हसणारे डोळे. नाकात अजून कापूस.

"आत्या, बरी आहे मी, आधी ते सांगते. आणि ऐक, एक गंमत. कोरेकाकूंनी आज काचेवर पाटी धरली. म्हणतात, तुझी आत्या एवढं आपल्या सगळ्यांचं रक्त बघते, तिला मी काहीतरी विणून देणार. रुमाल म्हणे, कोपऱ्यात नाव घालून. तर विचारतायत, तुझं पूर्ण नाव काय आणि रंग कुठला आवडतो?"

राजमतीची नजर समोरच्या रिकाम्या रकान्यावर गेली.

"आत्या? आवाज जातोय का?"

"जातोय," ती म्हणाली. "कशा आहेत त्या? अंगावर पुरळ, ताप, काही?"

"नाही गं, मस्त आहेत. आत्ताच कोडं घातलंय. का?"

"काही नाही. त्यांच्या डॉक्टरांना मी आता फोन करणार आहे, एवढंच सांग त्यांना." तिने पेन उचललं. "आणि नाव सांग. राजमती बाळगोंडा मगदूम."

"सावकाश सांग, पाटीवर लिहायचंय मला."

"राज-मती," ती म्हणाली, आणि पलीकडे पोरगी एकेक अक्षर लिहीत असताना, तिने समोरच्या रकान्यात, कोरे यांच्या नावापुढे, तेच नाव दोनदा लिहिलं.